नव्या चांदणीच्या धाकानं धारणीला

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. बाबा चांदणीवर उठत. पहाटे पूर्वेला शुक्र निघाला, की आम्हा दोघा भावांच्या अंगावरचं घोंगडं ओढून म्हणत, "उठा रे, फुलं वाट पाहून राहिली."

आम्ही जातीचे माळी. बडनेऱ्याजवळ दुसऱ्याच्या विहिरीखालचा लहानसा मळा करायचो. शेवंती, झेंडू, कडेनं वांगी आणि मिरची. दव असतानाच फुलं खुडायची, ओल्या फडक्यात बांधायची. मग माय टोपली डोक्यावर घेऊन अमरावतीला देवळापाशी बसायला पायी जायची. ती परत येईपर्यंत चूल पेटत नसे, कारण टोपलीतून पीठ यायचं होतं. एका थंडीत धुई पडून सगळी शेवंती काळी पडली. त्या वर्षी दोन्ही वेळा ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी, एवढंच खाल्ल्याचं मला आठवतं.

दोघा भावांत सदरा एकच होता. दादा दुसरीत, मी नुकताच शाळेत बसलेलो. एक दिवस दादानं स्वतःच शाळेतून नाव काढलं. मास्तरांनी कारण विचारलं, तर म्हणाला, "सदरा एकच हाये गुरुजी, अन् त्याले माह्यापेक्षा जास्त येते." पुढे तो होती ती अक्षरंही विसरला. मी मात्र शिकत गेलो. मी नागपूरला कॉलेजात गेलो, तेव्हा दादा मेळघाटात धारणीकडे एका लाकडाच्या ठेकेदाराकडे कामाला गेला. मळ्यावर माझ्या शिक्षणाचं भागत नव्हतं, हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. मी बी.एस्सी. झालो. आमच्या सात पिढ्यांत कोणी झालं नव्हतं. हे मी फुशारकीनं लिहितो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

अकोल्याला शाळेत शास्त्र शिकवायची नोकरी लागून चार महिने झाले होते. लढाईचे दिवस होते. दिवाळी होऊन महिना झाला असेल, तेव्हा बाबांनी गावच्या मास्तरांकडून लिहवलेलं पत्र आलं. त्यात एवढंच होतं: "गोविंदाची पावसाळ्यापासून खबर नाही. आभाळात नवी चांदणी निघाली आहे. तुझी माय जेवत नाही. निघून ये."

गोविंदा म्हणजे दादा. पत्र वाचून मी हसलो, आणि लगेच रजेचा अर्ज लिहायला बसलो.

हेडमास्तर भले गृहस्थ. त्यांनी रजा दिली, वर स्वतःच्या कपाटातली कोयनेलच्या गोळ्यांची अर्धी बाटली दिली. लढाईमुळे कोयनेल मिळत नव्हतं, आणि मेळघाटात हिवताप कुणालाच सोडत नाही. "जपून न्या," ते म्हणाले. "ही संपली की जिल्ह्यात दुसरी कुठं मिळेल, ते मला माहीत नाही."

बडनेऱ्याचा मळा

घरी पोचलो तर अंगणात आत्या बसलेली. आत्या बाबांची थोरली बहीण, आणि आमच्या घरात रीतभात ठरवायची ती तिनं. वहिनी दाराआड उभी होती. तिच्या मनगटावर हिरव्या बांगड्या होत्या आणि त्यांवर तिनं पदर ओढून घेतला होता.

आमच्याकडे समज असा, की माणूस गेला की त्याची चांदणी होते. नवी चांदणी दिसली, तर ती आपल्याच कुणाची आहे का, हे घराघरात विचारतात. ज्यांचं कुणी दूर असेल, ते पत्रं धाडू लागतात. आणि परगावी गेलेल्याची खबरच लागली नाही, तर कणकेचा पुतळा करून त्याची क्रिया उरकायची, तेरवी घालायची. म्हणजे वर गेलेला तहानलेला राहत नाही.

"पुनवेलोक वाट पाहू," आत्या म्हणाली. "पुनवेले पुतळा करू."

"आन् वयनीच्या बांगड्या?" मी विचारलं.

आत्या वहिनीकडे न बघता म्हणाली, "रीत हाये ते हाये. मी का खुशीनं सांगून राहिली?"

वहिनी दाराआडून म्हणाली, "भाऊजी, तुमी तर आभायाचं शिकले. तुमीच सांगा ना या लोकायले."

ती बीज होती. पुनवेला तेरा दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या आधी बाबांनी मला मळ्यात नेऊन चांदणी दाखवली. विहिरीच्या दक्षिणेला, बाभळीच्या शेंड्यावर एक पांढरा ठिपका होता. डोळ्यांत भरेल एवढा.

"तीस वर्सं हे बाभूय पाहून राहिलो," बाबा म्हणाले. "तिच्यावर चांदणी नव्हती. अन् दिशा पाय कोनती हाये."

दिशा दक्षिण होती. यमाची. मला हे माहीत नाही असं नाही. पण माझ्या कानांत तेव्हा प्रोफेसरांचं व्याख्यान चाललं होतं. बाबा पुढे बोलत होते, "सध्या शुक्र बुडेल हाये, पाहाटचा दिसत नाही. म्हनून मी तिकांड्यावर उठतो." ते माझ्या एका कानातून शिरलं आणि दुसऱ्यातून गेलं. त्याची शिक्षा मला पुढे मिळाली.

घरात आल्यावर मी मायजवळ बसलो. म्हणालो, "माय, हे चांदणी नवी नाही. म्हातारी हाये. आंधीपासून तिथंच होती, पन एवढी मंद की दिसत नव्हती. आता एकाएकी भडकली. अन् हा भडका आजचा नाही. तिचा उजेड इथलोक याले शेकडो वर्सं लागते. ते भडकली तवा दादा जल्मलाच नव्हता. मंग ते दादाची कशी?"

मायनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे चिठ्ठी आंधीच निंगाली होती," ती म्हणाली. "पोचली आज."

मी बी.एस्सी. माणूस. तरी त्या क्षणापासून भीती माझ्याही मनात बसली, ती धारणीपर्यंत निघाली नाही. मी एवढंच म्हणालो, "पुनवेच्या आत दादाले घेऊन येतो. तवरी पुतळ्याच्या कणकेले हात लावू नका."

परतवाडा

पेट्रोल मिळत नसल्यामुळे अमरावतीहून परतवाड्याची मोटार कोळशाच्या धुरावर चालायची. मागे बंब बांधलेला, त्यात कोळसा. चढ आला की ड्रायव्हर ओरडायचा, "उतरा मालक!" आणि आम्ही सगळे मालक उतरून ढकलायचो. माझा एकुलता एक कोट काळा झाला आणि ढकलताना मनगटावरचं घड्याळ दांडीला आपटून बंद पडलं. त्या घड्याळाचा मला फार तोरा होता.

परतवाड्याला संत्र्यांचे ढीग लागले होते. मी चार घेतली; मायच्या हातची भाकर आणि ठेचा संपला होता. लाकडाच्या अड्ड्यावर धारणीकडून आलेले लोक भेटले. ठेकेदाराचं नाव सांगितलं तर एक म्हणाला, "त्याच्या तळावर ताप लय बेकार आला यंदा. मुन्शी मेला. मानसं पांगली." दादाचं नाव सांगितलं तर मान हलवली. ही मान 'माहीत नाही' म्हणून हलली की आणखी कशासाठी, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

वर जाणारी मोटार नव्हती. मीठ आणि ज्वारी घेऊन धारणीला जाणारी एक बैलगाडी मिळाली. गाडीवान झिंगराजी, साठीचा, पाठीत वाकलेला. मी कोट घातलेला पाहून तो आधी मला जंगलखात्याचा कारकून समजला आणि बोलेचना. माळ्याचा पोरगा आहे हे कळल्यावर त्यानं तंबाखू पुढे केली.

"मंग कोट कायले घातला लेका?" तो म्हणाला. "उगाच पाच कोस मुक्यानं आनलं मले."

घाट

संध्याकाळी घाटाच्या पायथ्याशी नाल्याकाठी गाडी सोडली. झिंगराजीनं गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले. कणकेचे ते गोळे वरून काळे, आतून पांढरे. त्याबरोबर वांग्याची झणझणीत भाजी. एरवी मी चार खाल्ले असते. त्या दिवशी कणीक हातात घेतली आणि पुतळ्याची आठवण झाली. दोन घास कसेबसे गेले.

"घाटात वाघीन हाये," झिंगराजीनं जेवता जेवता सांगितलं. पावसाची सर येऊन गेली म्हणावं, तेवढ्याच सहजपणे. "मांगच्या पंधरवड्यात एक बैल नेला. म्हनून आपुन चांदणी निघाल्यावर जुपू. दिवस उगवेलोक निम्मा घाट होते. मले आताशा डोयानं दुरचं दिसत नाही बाबू. तुहे डोये जवान हायेत. चांदणी निघाली का मले उठव."

मी गाडीखाली पडलो. चंद्र कधीच बुडाला होता. मला झोप लागली, मोडली, पुन्हा लागली. पुन्हा जाग आली तेव्हा पूर्वेकडे, जरा दक्षिणेला झुकून, झाडांवर एक चांदणी निघालेली होती. एवढी मोठी, एवढी लखलखीत, की लहानपणीचं घोंगडं अंगावरून ओढल्यासारखं वाटलं. आमच्या घरी तेवढी मोठी चांदणी एकच.

"उठा झिंगराजी काका! शुक्र निघाला."

"पक्कं?"

"अहो, बी.एस्सी. आहो मी."

तो उठला. बैल जुपले. आम्ही घाट चढू लागलो.

तासाभरानं की दीड तासानं, माझं घड्याळ तर बंदच होतं, झिंगराजी म्हणाला, "बाबू, पूर्व पांढरी झाली का?"

"नाही अजून."

"कोंबडा कुठी ऐकू आला?"

"नाही."

त्यानं कासरा आखडला. मग म्हणाला, "तुही चांदणी लुकलुकते का?"

मी पाहिलं. चांदणी थरथरत होती. निळी व्हायची, पांढरी व्हायची, एखाद्या वेळी तांबूसही चमकून जायची.

"लुकलुकते."

"शुक्र लुकलुकत नाही बाबू," झिंगराजी म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "अन् तिकांडं? सरके तीन चांदण्या, एका रेघीत. कुठी हायेत?"

मी मान वर केली. तीन चांदण्या होत्या. "डोक्यावर."

झिंगराजीनं गाडी थांबवली.

"डोक्यावर म्हंजे आर्धी रात," तो म्हणाला. "पाहाटले तिकांडं मावयतीकडं झुकते. शुक्र तर या महिन्यात बुडेल हाये. अरे बाप्पा! आपुन वाघिनीच्या टायमाले आलो."

बाबांचं वाक्य मला तेव्हा आठवलं. सध्या शुक्र बुडेल हाये. आणि ती चांदणी कोणती हेही त्याच क्षणी कळलं. तो व्याध होता. आभाळातला सगळ्यांत तेजस्वी तारा. परीक्षेत मी व्याधाच्या जोडीदारावर दोन पानं लिहिली होती. त्याच्याभोवती फिरणारा एक विझत चाललेला तारा, दुर्बिणीशिवाय न दिसणारा. त्या दोन पानांचे मला पुरे मार्क मिळाले होते. आणि खुद्द व्याध समोर उभा असताना मला तो ओळखता आला नाही, कारण तो मी कधी आभाळात पाहिलाच नव्हता. फळ्यावर पाहिला होता.

मागं वळायला रस्ता अरुंद. एका बाजूला दरी. तेवढ्यात वरच्या रानात सांबर ओरडलं. एकदा, मग पुन्हा. बैलांनी माना उंच केल्या आणि त्यांच्या पाठीची कातडी थरथरू लागली. झिंगराजीनं बैल चाकांना आवळून बांधले, कंदील जोखडावर टांगला. कंदिलात दोन बोटं घासलेट होतं.

"आता बोल," तो म्हणाला.

"काय?"

"काईबी. जोरानं. मानसाचा आवाज आला का ते जवय येत नाही. गप बसला का मेलो. मी लय बोललो त मले खोकला लागते. तुले शिकवाची सवय हाये ना? शिकव."

भजन म्हणावं तर एकही धड येईना. जे पाठ होतं तेच आलं. मी गाडीवर उभा राहिलो आणि काळोखाकडे तोंड करून, सातवीच्या वर्गाला सांगतो तसं ओरडून सांगू लागलो.

"आभायात वायूचे अन् धुळीचे मोठाले ढग असतात!"

"पान्याचे?" झिंगराजीनं खालून विचारलं.

"नाही. हे ढग खाली पडत नाहीत, स्वतःच्याच अंगावर पडतात. आपल्याच वजनानं आत आत दबत जातात. दबले का तापतात. खताच्या उकंड्यात हात घातला का आतून गरम लागते ना, तसं समजा. अन् लय तापले, का मधी पेट घेतात. तो तारा. तो जल्मला."

"पेटवते कोन?"

"कोनी नाही. वजन."

"वजनानं आग लागते?"

"लागते! हलका वायू जळून जड वायू होते, अन् त्यातून उजेड निंगते. हे लाकडासारखं जळनं नव्हं. एक तारा आपल्या सात पिढ्या नाही, सात हजार पिढ्या नाही, त्याच्याहीवर लय जळते. वजन आत दाबते, आग भायेर ढकलते. दोघांचा मेळ आहे तवरी तारा ठीक."

खालच्या झुडपात काहीतरी चालत गेलं. वाळलं पान मोडल्याचा आवाज आला, मग थांबला. आवाजापेक्षा त्याचं थांबणं वाईट होतं. डावा बैल खाली बसला आणि त्यानं मूत सोडलं. मला एक उग्र दर्प आला.

"थांबू नको," झिंगराजी हळूच म्हणाला. "मंग म्हातारा होते का?"

"होते!" मी एवढ्या जोरानं ओरडलो की आवाज दरीतून परत आला. "मधलं जळन संपलं का तारा फुगते. तांबडा होते. ते पाहा, तिकांड्याच्या वर तांबडी चांदणी. ते आर्द्रा. ते म्हातारपनाले लागली."

"जिच्या नक्षत्रात पानी पडते ते आर्द्रा?"

"तेच."

"बाप्पा! अन् मंग?"

"मंग वरचं सालपट उडून जाते अन् मधी एक गोटा राह्यते. लहान, पांढरा, जड. लाडवाएवढा तुकडा घेतला त तुमच्या लाकडाच्या भरल्या गाड्यांपेक्षा जड भरन. त्यात आग नाही, नुसती धग. थंडा होत जाते. त्याले मेलेला तारा म्हना. तसा एक या व्याधापाशी हाये. मले त्याचे मार्क भेटले होते. अन् काही तारे लय मोठे असतात, ते असे शांतपनानं मरत नाहीत. ते फुटतात."

"आन् आपला सूर्य?"

हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता.

"सूर्य बी ताराच हाये, काका. तोही फुगन, अन् विझन."

"कधी?"

"लय वर्सांनी. मोजता येनार नाही एवढ्या."

झिंगराजीनं बैलांच्या दोऱ्या पुन्हा एकदा आवळल्या. मग खालून म्हणाला, "बाबू, हे नको सांगू. त्यापेक्षा वाघिनीचंच बोल."

मी हसलो असतो. पण तेव्हाच मागं वळून पाहिलं. चढाच्या खाली सगळं वऱ्हाड काळं पसरलं होतं, आणि त्याच्यावर, दक्षिणेला, नवी चांदणी वर आली होती. घरी पाहिली होती त्यापेक्षा मंद. उघड मंद. असे भडकलेले तारे काही दिवसांत उतरू लागतात, हे मला ठाऊक होतं. मी इतरांना सांगितलंही असतं. पण त्या वेळी माझ्या मनात दुसरंच आलं: दादा विझून राहिला. मी घाटात थांबलो आणि तिकडे दादा विझून राहिला.

हे मी लपवत नाही. शिकलेल्या माणसानं कबूल करू नये असं काहीजण म्हणतील. त्यांनी एकदा त्या घाटात उभं राहावं.

कंदील विझला तेव्हा मी सूर्यापासून परत ढगाकडे आलो होतो. तीच गोष्ट तिसऱ्यांदा चालली होती आणि घसा बसला होता. नंतर नंतर झिंगराजीच ती मला सांगू लागला. शेवटी खरोखर पूर्व पांढरी झाली. गाडीच्या मागं वीस-पंचवीस पावलांवर, ओल्या धुळीत, माझ्या पंजाएवढे ठसे होते. गाडीला अर्धा फेरा घालून ते दरीत उतरले होते.

झिंगराजीनं ठशाजवळची चिमूटभर माती कपाळाला लावली. मला म्हणाला, "शिकली बिचारी तुह्यापाशी."

सेमाडोह, हरिसाल

पुढचे दोन दिवस साग आणि बांबू यांखेरीज काही नाही. आमच्याकडे कुठंही उभं राहिलं तरी काळी जमीन क्षितिजापर्यंत दिसते. इथं दहा हातांवर नजर अडते. सिपना नदीचं पाणी मात्र असं स्वच्छ, की पिऊन घ्यावं वाटतं, आणि तापाच्या धाकानं झिंगराजी पिऊ देत नव्हता.

हरिसालच्या पुढं कोरकू आदिवाशांच्या एका गावात थांबलो. ही माणसं रात्री कुटकीचा भात आणि पातळ डाळ देतात, आणि न विचारता देतात. आमच्याकडे आधी जात विचारतात, मग पाणी. गावाबाहेर एका झाडाखाली सागाचे कोरीव खांब पुरलेले होते. प्रत्येकावर सूर्य आणि चंद्र कोरलेला. मी विचारलं, हे काय? झिंगराजी म्हणाला, "मेलेली मानसं. हे लोक गेलेल्याले आभायात पाठवत नाहीत. आभायच खाली आनून लाकडावर कोरतात."

एक खांब नवा होता. लाकूड अजून पिवळं. एका म्हाताऱ्यानं माझा चेहरा पाहून हात हलवला. "हमारा आदमी, बाबू. तुमारा नहीं." हे ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची शरम वाटली.

धारणीच्या अलीकडे

ठेकेदाराचा तळ ओस होता. भुशाचे ढीग, चार मोडकी खोपटं. मी हाका मारल्या. कुणी ओ देईना. शेवटी मोहाखालच्या एका झोपडीतून एक कोरकू म्हातारी बाहेर आली. "गोविन?" तिनं विचारलं आणि आत बोट केलं.

दादा बाजेवर होता. मी त्याला पायांवरून ओळखलं. तोंडावरून ओळखता आलं नसतं. डोळे खोल, कातडी हळदीसारखी. म्हातारी म्हणाली, ताप येतो, जातो, पुन्हा येतो. पण आठ-दहा दिवस झाले, यानं पेज पिणंच सोडलं. तोंड फिरवून घेतो. आमच्याच हातचं नको असेल, असं तिला वाटलं होतं.

"दादा."

त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझ्या बुटांकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "कोन गेलं?"

"काय?"

"सांगाले आला ना? माय गेली का बाबा?" त्यानं झोपडीच्या छपरातल्या भोकाकडे मान केली. "मी पायली ना चांदणी. दक्षिनेले. मले पह्यलेच समजलं. मुन्शी मेला, पत्र लेहाले कोनी नाही. म्हनलं, माय गेली अन् मी इथी पडलो. मंग खाऊ कायले?"

घरी मायनं त्या चांदणीपायी जेवण सोडलं होतं, इथं यानं. मधे सगळा मेळघाट. एकच तारा, आणि दोघं एकमेकांना मेलेलं समजून त्याच्याकडे बघत पडलेली.

मी खाली बसलो आणि भडाभडा बोलू लागलो. तो तारा म्हातारा आहे, त्याचा भडका शेकडो वर्षांपूर्वीचा आहे, उजेडाला यायला वेळ लागतो, आपण पाहतो ते जुनं असतं. दादानं मला मधेच तोडलं.

"म्हंजे माय हाये?"

"हाये."

"बाबा?"

"हायेत. वयनी बी हाये. सगळे हायेत."

"मंग सरकं सांग ना लेका," दादा म्हणाला. "एवढ्या लांबून कायले आनलं?"

आणि तो रडू लागला. मीही. म्हातारीनं न विचारताच पेजेचं भांडं आणलं. ते त्यानं माझ्या हातानं घेतलं, वर म्हणाला, "थंडी हाये बुढी, गरम कर." त्यावरून मला कळलं, की हा जगेल.

तरी दोन दिवस धाकातच गेले. कोयनेलची गोळी पोटात गेली तरी पहिल्या दुपारी ताप असा चढला, की तो बाबांना हाका मारून फुलं ओल्या फडक्यात बांधायला सांगत होता. मी बाटलीतल्या गोळ्या पुन्हा पुन्हा पाहत होतो, आणि मनात पुनवेचे दिवस. तिसऱ्या दिवशी घाम फुटला आणि ताप उतरला. बाटलीतल्या उरलेल्या गोळ्यांपैकी निम्म्या मी म्हातारीला दिल्या. तिच्या घरातही ताप होता, आणि तिच्यापाशी ना हेडमास्तर होता ना बी.एस्सी. झालेला भाऊ.

परत

उतरताना एका लाकडाच्या लॉरीत जागा मिळाली. तिच्या ड्रायव्हरला सांगून घाट मी भर दुपारी उतरायला लावला. परतवाड्याला झिंगराजी भेटला. दादाला पाहून म्हणाला, "हा का तुहा तारा? पार विझला होता काय रे?" आणि मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "त्या सूर्याचं खरं हाये का बाबू?" मी म्हटलं, खरं आहे. तो म्हणाला, "मी घरी कोनाले सांगतलं नाही."

मळ्यात शिरलो तेव्हा माय विहिरीपाशी होती. तिनं दादाला पाहिलं, जवळ आली, त्याच्या तोंडावरून, छातीवरून, हातांवरून हात फिरवत राहिली. कुठं काही उणं आहे का, हे चाचपत असल्यासारखी. आत्या परातीपाशी कणीक चाळत बसली होती. ती उठली, कणकेत पाणी ओतलं, आणि डोळे पुसत त्याच कणकेच्या पोळ्या लाटायला घेतल्या. वहिनीनं बांगड्यांवरचा पदर बाजूला केला.

दुसऱ्या पहाटे मी बाबांबरोबर उठलो. बाभळीवर आता काही नव्हतं. होतं ते चांदण्यात दिसण्याएवढं उरलं नव्हतं. माय म्हणाली, "पोरगा आला अन् ते गेली." मी तिला काही शिकवायला गेलो नाही. बाबांना म्हणालो, तिकांडं कधी कुठं असतं ते मला नीट दाखवा. त्यांनी दाखवलं. व्याधही त्यांनीच दाखवला. त्याला ते दुसऱ्याच नावानं ओळखतात.

पुनवेच्या आदल्या दिवशी माझा भाऊ गोविंदा याला मी धारणीहून जिवंत घरी आणलं.